जगाच्या घड्याळांना किल्ली कोण देतं?

नोव्हेंबरचा पहिला रविवार जवळ आला की न्यू जर्सीतल्या लेकीशी पुण्याहून बोलणाऱ्या आईला न सांगता आठवतं: आता अंतर साडेनऊ तासांचं साडेदहा तास होणार. त्या पहाटे दोन वाजता तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी खुर्चीवर चढून मागे करतं. ओव्हनवरचं घड्याळ पुढचे चार दिवस चुकीचीच वेळ दाखवत राहतं. फोनला मात्र कुणी हात लावत नाही, आणि तरी सकाळी तो अगदी बरोबर असतो. त्याला सांगितलं कुणी?

मोबाइलच्या टॉवरनं सांगितलं असेल, असं उत्तर पटकन सुचतं. पण टॉवर फार तर आत्ताची वेळ सांगेल. कॅलेंडरमध्ये पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधली न्यू यॉर्कची मीटिंग टाकून बघा. नेट बंद असलं तरी फोन क्षणात सांगतो की तेव्हा अंतर साडेनऊ तासांचं असेल. म्हणजे हे ज्ञान फोनच्या पोटातच कुठेतरी आहे. ते तिथे ठेवलं कुणी? आणि अमेरिकेचं सोडा, नेपाळचं, मोरोक्कोचं, प्रशांत महासागरातल्या सामोआचं?

आधी एक छोटी पण सुंदर गोष्ट. संगणक मुळात तास-मिनिटं ठेवतच नाही. तो फक्त सेकंद मोजतो. १ जानेवारी १९७० ची ग्रिनिच वेळेनुसारची मध्यरात्र हा बहुतेक संगणकांचा शून्य. तिथून आजपर्यंत १७० कोटींहून जास्त सेकंद उलटले आहेत, आणि हा आकडा या क्षणी सोलापुरात, टोकियोत आणि शिकागोत एकच आहे. यंत्रांच्या जगात सगळीकडे एकच वेळ! अडचण येते ती माणसाला वेळ दाखवताना. कारण आत्ता सकाळचे नऊ वाजलेत की दहा, हे सूर्य ठरवत नाही. सरकार ठरवतं. आणि सरकारं मन बदलतात.

त्यामुळे यंत्राला एक यादी लागते. कुठल्या गावी, कुठल्या तारखेपासून, कुठला नियम. आणि तीही साऱ्या जगाची. अशी यादी खरोखर आहे. तिचं नाव टाइम झोन डेटाबेस. तिच्यावर काम करणारे तिला नुसतं ‘टीझेड’ म्हणतात. अँड्रॉइड, आयफोन, मॅक, लिनक्सवर चालणारे जगभरचे सर्व्हर, जावा आणि पायथनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, सगळे हीच यादी वापरतात. (विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टनं आपली वेगळी यादी ठेवली आहे.) एवढ्या मोठ्या कारभाराची यादी म्हणजे केवढं अवाढव्य प्रकरण असेल, नाही? प्रत्यक्षात ती साध्या मजकुराच्या काही फायलींमध्ये आहे. कुठल्याही साध्या संगणकावर उघडून वाचता येतात. दाबून बसवल्या तर अर्ध्या एमबीत मावतात.

आणि त्या कुणाच्या मालकीच्या? कुणाच्याच नाहीत. कुठली कंपनी त्या विकत नाही, त्यांचं भाडं कुणी घेत नाही. १९८० च्या दशकापासून स्वयंसेवकांचा एक लहानसा गट त्या लिहीत आणि दुरुस्त करत आला आहे.

त्यातली एखादी फाइल उघडली की वाचतच बसावंसं वाटतं. अमेरिकेचा नियम बघा. २००७ पासून पुढे, मार्च महिना, ८ तारखेला किंवा त्यानंतर येणारा पहिला रविवार, पहाटे दोन वाजता, एक तास पुढे. ‘मार्चचा दुसरा रविवार’ असं त्यात लिहिलेलंच नाही! गरजच नाही. दुसरा रविवार कुठल्याही वर्षी ८ ते १४ तारखेच्या आतच पडतो. एवढ्या एका ओळीवर अमेरिकेतले कोट्यवधी फोन येणाऱ्या प्रत्येक मार्चची तारीख स्वतः काढतात.

खाली उतरत जावं तशी एकेक नवलाई भेटते. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर उन्हाळ्यात घड्याळं फक्त अर्धा तास पुढे जातात. नेपाळ १९८६ पासून आपल्यापेक्षा बरोबर १५ मिनिटं पुढे आहे. सामोआच्या इतिहासात ३० डिसेंबर २०११ हा दिवसच नाही. तिथली माणसं २९ तारखेला रात्री झोपली आणि ३१ तारखेला उठली. त्यांचा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी होता. तिकडे सोमवारची कामं सुरू झाली तरी इकडे रविवारच असायचा. म्हणून देशानं आंतरराष्ट्रीय वाररेषाच ओलांडली. एका अख्ख्या देशाच्या आयुष्यातून गेलेला तो दिवस या यादीत एका ओळीत नोंदलेला आहे.

माझी सगळ्यात आवडती नोंद मोरोक्कोची. २०१८ पासून हा देश वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे असतो, फक्त रमजानच्या महिन्यापुरता परत मागे येतो. पण रमजान चांद्र पंचांगानं चालतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मग संगणकाला त्याचा नियम एका ओळीत सांगणार कसा? सांगता येत नाही! म्हणून या मंडळींनी इस्लामी पंचांगाचं गणित करणारा एक छोटा प्रोग्रॅम वापरला आणि थेट २०८७ पर्यंतच्या सगळ्या रमजानांच्या तारखा काढून फाइलीत लिहून ठेवल्या. तुमच्या फोनमध्येही त्या आत्ता आहेत.

आता २०२३ चा मार्च. लेबनॉनची घड्याळं २५ मार्चच्या मध्यरात्री एक तास पुढे जायची होती. दोन-तीन दिवस आधी पंतप्रधानांनी जाहीर केलं की यंदा ती रमजान संपेपर्यंत जाणार नाहीत. टीझेडची नवी आवृत्ती २३ मार्चलाच बाहेर पडली. तिकडे देशात मात्र चर्चनी, शाळांनी, दूरचित्रवाणी वाहिन्यांनी हा निर्णय मानायला नकार दिला. एकाच शहरात दोन वेळा चालू लागल्या. २७ तारखेला सरकारनं माघार घेतली आणि २८ तारखेला टीझेडची आणखी एक आवृत्ती आली, आधीची दुरुस्ती मागे घेणारी. एका आठवड्यात दोनदा जगाची यादी बदलली, आणि दोन्ही वेळा स्वयंसेवकांनी.

अशी बातमी या गटापर्यंत पोचते कशी? सरकारं क्वचितच कळवतात. त्या देशातला कुणीतरी जागरूक माणूस सरकारी राजपत्र किंवा वर्तमानपत्रातली बातमी जोडून ईमेल पाठवतो. बाकीचे ती तपासतात, शंका काढतात, आणि मग ओळ बदलते. पुरावा कुठून आला तेही फाइलीतच लिहून ठेवतात. त्यामुळे नियमांच्या ओळींपेक्षा त्यांच्या मध्ये मध्ये लिहिलेल्या टिपा कितीतरी जास्त आहेत, आणि इतिहासाची आवड असलेल्यानं वाचाव्यात अशा आहेत.

भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ या नावानं आहे. नोंदींना देशांऐवजी शहरांची नावं द्यायची ही पद्धत १९९३ पासूनची. देश फुटतात, जोडले जातात, नाव बदलतात. त्या मानानं शहर टिकतं. या नोंदीपाशी मुंबईची गोष्ट आहे! १८९९ साली ओल्डहॅम नावाच्या अभ्यासकानं लिहिलं होतं की मद्रासची वेळ साऱ्या देशानं घ्यावी हे मुंबईकरांना आणि कलकत्तेकरांना पटणारच नाही, कारण दोघांनाही आपल्या शहराचा अभिमान मोठा. ते लिखाण टिपेत आहे. १९०६ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईतले हजारो गिरणी कामगार आपल्या स्थानिक वेळेसाठी रस्त्यावर उतरले, तेही आहे. मुंबई टाइम ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईच्या महापालिकेनं तो कित्येक दशकं सोडला नाही. गिरणी कामगारांचं हे भांडण दुसऱ्या खंडातल्या एका प्रोग्रॅमरनं घड्याळाच्या फाइलीत जपून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातली वेळही तिथे आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. आपल्याकडे हे कुणाला पक्कं ठाऊक असतं? जुन्या पत्रिका मांडणाऱ्या ज्योतिषांना! त्या काळातल्या जन्मवेळेतून ते एक तास वजा करतात, कारण तासाभराच्या फरकानं लग्नरास बदलू शकते. हा धागा ध्यानात ठेवा. टीझेडवर आलेलं सगळ्यात मोठं संकट याच वाटेनं आलं.

त्याआधी हे सगळं सुरू केलेल्या माणसाबद्दल. आर्थर डेव्हिड ओल्सन अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत प्रोग्रॅमर होते. १९८६ साली अमेरिकी संसदेनं उन्हाळी वेळेच्या तारखा बदलल्या. तोवर युनिक्स संगणकांत हा नियम प्रोग्रॅममध्येच कोरलेला असे. कायदा बदलला की प्रोग्रॅम बदला, पुन्हा घडवा, पुन्हा बसवा. ओल्सन यांचा विचार सोपा होता: नियम प्रोग्रॅमच्या बाहेर काढू, एका फाइलीत लिहू, कायदा बदलला की फाइल तेवढी बदलायची. पुढची पंचवीस वर्षं ही फाइल राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या एका संगणकावर राहिली. साऱ्या जगाची घड्याळं तिथून वेळ घेत होती, आणि कर्करोगाच्या संशोधनाशी याचा सुतराम संबंध नव्हता!

पूर्वी घरोघरी भिंतीवर लंबकाचं घड्याळ असे आणि त्याला किल्ली द्यायचं काम घरातलं एकच माणूस वर्षानुवर्षं करत असे. ते माणूस गावाला गेलं की तीन-चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात यायचं, अरे, घड्याळ बंद पडलंय. स्वयंसेवकांनी चालवलेल्या सॉफ्टवेअरची सगळी कथा यात आहे. किल्ली मिळते तोवर ती कोण देतं हे कुणाच्या मनातही येत नाही. मग ते माणूस दमलं तर? निवृत्त झालं तर? त्याच्यावर कुणी खटला भरला तर?

खटलाच भरला गेला. ३० सप्टेंबर २०११ रोजी ॲस्ट्रोलेब नावाच्या कंपनीनं मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात ओल्सन आणि त्यांचे सहकारी पॉल एगर्ट या दोघांवर दावा लावला. ॲस्ट्रोलेबचा धंदा काय? ज्योतिषाचं सॉफ्टवेअर. जुन्या काळी कुठल्या गावात कुठली वेळ चालायची याचा एक ॲटलस पत्रिकेसाठी लागतो. त्याचे हक्क आपल्याकडे आहेत आणि टीझेडनं त्यातली माहिती घेतली, असं कंपनीचं म्हणणं. माहितीचा आधार कुठला, हे टीझेडनं कधी लपवलं नव्हतं. त्या ॲटलसकर्त्याचं नाव टिपांमध्ये उघड लिहिलेलं होतं. तरी ६ ऑक्टोबरला ओल्सन यांना यादी बंद करावी लागली. जगाच्या वेळेचा झरा एका दिवाणी दाव्यानं आटला.

फोन बंद पडले का? नाही. प्रत्येक यंत्रात यादीची प्रत होती. पण पुढचा बदल कुठून येणार? ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कितीतरी देशांची घड्याळं मागे जायचा हंगाम! तेवढ्यात १४ ऑक्टोबरला, म्हणजे आठच दिवसांत, इंटरनेटवरच्या नावांचा आणि क्रमांकांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं यादी आपल्याकडे घेतली. एगर्ट समन्वयक म्हणून काम पाहू लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीनं दावा मागे घेतला आणि दिलगिरीही व्यक्त केली. ऐतिहासिक तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात, हे तिनं मान्य केलं.

आठ दिवसांत हे जमलं कसं? मला विचाराल तर साऱ्या गोष्टीतला सर्वांत मोठा चमत्कार इथे आहे, आणि तो कुठल्याही प्रोग्रॅममध्ये नाही. ओल्सन निवृत्तीला आले होते, आणि आपल्यानंतर काय, याचा मसुदा खटल्याच्या आधीपासूनच लिहिला जात होता. समन्वयक कोण नेमणार, तो पायउतार झाला तर पुढे काय, त्याचा निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची, हे सगळं त्यात होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो इंटरनेटच्या नियमावलीत आरएफसी ६५५७ म्हणून प्रसिद्ध झाला. किल्ली कुणाच्या हाती जाणार, हे आधीचा माणूस असतानाच ठरवलेलं होतं. स्वयंसेवकांच्या कामात हे फार दुर्मीळ आहे.

ते नसलं की काय होतं? इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल घ्या. जगातल्या कितीतरी वेबसाइटींचं कुलूप तेच. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची भयंकर चूक सापडली आणि त्यानंतर लोकांनी पहिल्यांदा विचारलं, हे लिहितं कोण? पूर्णवेळ काम करणारा एक माणूस, आणि वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या! अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या बँका आणि कंपन्या त्यावर उभ्या होत्या. हादरल्यावर पैसा आला, पण हादरल्यावर.

त्याहून अंगावर काटा आणणारी गोष्ट २०२४ ची. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं एकाच माणसानं सांभाळलं होतं, आणि तो थकला होता. ‘जिया टॅन’ असं नाव सांगणारं कुणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून जास्त काळ सभ्यपणे, चोख काम केलं, विश्वास मिळवला, किल्ली हातात घेतली आणि आत चोरदरवाजा बसवला. तो उघडकीला कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला दिसलं की दुसऱ्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरं कुणी असतं तर खांदे उडवून पुढे गेलं असतं. हा माणूस मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यानं जगाला सावध केलं. तोवर तो दरवाजा मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. त्या दमलेल्या माणसाच्या शेजारी वेळेवर दुसरं कुणी बसवलं असतं तर परक्याला शिरकाव मिळाला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

टीझेड टिकण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्यांनी कामाला घातलेली मर्यादा. १९७० नंतर ज्या भागातली घड्याळं कायम सारखी चालली, त्याला एकच नोंद. म्हणून मुंबईच्या नावाची स्वतंत्र नोंद नाही. साऱ्या भारताला कोलकाता पुरतं. जगातल्या प्रत्येक गावाची १८५० पासूनची वेळ शोधत बसले असते तर मूठभर माणसं कधीच मोडून पडली असती. पण यावरूनही भांडण झालंच. एगर्ट यांनी ऑस्लो, स्टॉकहोम अशा शहरांच्या नोंदी बर्लिनमध्ये विलीन केल्या, कारण जो नियम आशिया-आफ्रिकेला तोच युरोपला. काहींना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी यादीची प्रत घेतली आणि जुन्या नोंदी वेगळ्या राखणारी आपली आवृत्ती काढली. कुणी अडवलं नाही, अडवूही शकत नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअरमधला हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे चालवणाऱ्याला मनमानी करता येत नाही, आणि उद्या चालवणारा नाहीसा झाला तरी काम नाहीसं होत नाही.

पैशांचं भान हळूहळू येऊ लागलं आहे. जर्मनीनं २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी सुरू केला. आपल्याकडे बंगळूरच्या झीरोधा कंपनीनं २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या देशात असे निधी बोटांवर मोजण्याइतके असावेत, हे मला पटत नाही.

तुम्ही हिंजवडीत, ऐरोलीत किंवा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करत असाल, तर एक करा. तुमची कंपनी कुठकुठली मुक्त सॉफ्टवेअर वापरते त्याची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे किती माणसं सांभाळतात. जिथे ‘एक’ असं उत्तर येईल तिथे कंपनीच्या पगारी वेळेतले काही तास आणि थोडे पैसे मागा. आणि तुम्ही इतिहासाचे अभ्यासक असाल, एखाद्या जुन्या संस्थानाचं किंवा नगरपालिकेचं घड्याळ कधी बदललं याचा लेखी कागद तुमच्याकडे असेल, तर तो टीझेडच्या लोकांना पाठवा. दुरुस्त्या कुठे पाठवायच्या, तो पत्ता त्या फायलींच्या सुरुवातीलाच दिलेला आहे.